कागद फिरवायचा नाही

(सानगडी. चंद्रकांताबाईंच्या घरची ओसरी. रेणूचा दहावीचा भूमितीचा पेपर उद्या आहे, पुरवणी परीक्षेतला.)

बाई : पुन्हा फिरवलास कागद, रेणू.

रेणू : हात आपोआप जाते बाई.

बाई : सरळ ठेव. आकृती जशी छापली आहे तशीच पाहायची. आता सांग, कर्ण कोणता?

रेणू : हा, आठाचा. तिरपा आहे ना तो.

बाई : सहाची बाजूही तिरपीच आहे.

रेणू : हो... पण खालची आडवी आहे, तो पाया झाला. मंग चौसष्टातून छत्तीस गेले, अठ्ठावीस. अठ्ठाविसाचं मूळ नाही निघत बाई.

बाई : कसं निघेल? काटकोन वर आहे बेटा, शेंड्यावर. त्याच्या समोरची बाजू म्हणजे कर्ण. इथं कर्णच खाली झोपला आहे. मान सरळ ठेव.

रेणू : मान वाकडी केली तं दिसते.

बाई : परीक्षेतले सर म्हणतील, बाजूच्या पोरीचं पाहते. आंगणात रांगोळीनं काढून शिकवलं तेव्हा किती भरभर यायचं तुला.

रेणू : आंगणात मी काटकोनाच्या बाजूनं जाऊन उभी राहत होती. मार्चात तसंच केलं अन् फसली.

बाई : मार्चात काय झालं?

रेणू : तुमाले सांगतलंच नाही. आकृती काढली अन् पेपर फिरवला. मागं आमच्या काकाची पोरगी राखी बसली होती, तिनं मान उचलली. सर म्हणे, मागच्या पोरीले दाखवून राहिली काय? पेपर ओढला अन् घंटा होईस्तोवर टेबलावर ठेवला. मी म्हटलं, सर, मले काटकोन खाली लागते. सारा वर्ग हासला.

बाई : आणि मी तुला म्हटलं, अभ्यास कमी पडला.

रेणू : तुम्ही हळू बोलल्या. घरी तं बाबा दोन दिवस बोललेच नाही.

बाई : मी समजावलं असतं तुझ्या बाबांना, केवळरामभाऊंना.

रेणू : त्यायचं ठरलं आहे बाई. पास झाली तं साकोलीले अकरावी, नाही तं पवनीवाल्या पाहुण्यांले होकार. अठरा पुरे झाले, आता कायले थांबायचं म्हणते. सकाळी आई धानाच्या रोवण्याले जाता जाता सांगून गेली, शालू कोणत्या रंगाचा पायजे ते ठरवून ठेव.

बाई : बीजगणित कसं गेलं?

रेणू : अपूर्णांकाचं समीकरण आलं तिथंच बसली. छेद सारखे करता करता घंटा झाली. आता भूमितीनं तारलं तं तारलं.

बाई : पवनीवाले पुढं शिकू देतील का गं?

रेणू : त्याईले शिकलेलीच पायजे म्हणे. दहावी नापास चालते, तेवढी शिकलेली पुरते.

बाई : बरं. ही दुसरी आकृती घे. काटकोन दाखव.

रेणू : हा?

बाई : नाही.

रेणू : मंग हा.

बाई : अंदाजानं सांगतेस तू.

रेणू : हो बाई.

बाई : असं कर, डोळे मीट. आपलं आंगण आठव. मनातल्या मनात त्या बाजूला जा.

रेणू : डोळे मिटले का रांगोळीच पुसून जाते.

बाई : राहू दे आता. उद्या सोमवार आहे. तुझा पेपर सुटेपर्यंत मी पाणी घेणार नाही.

रेणू : मार्चातही नव्हतं घेतलं तुम्ही.

बाई : हो. नव्हतं घेतलं.

रेणू : माझ्यासाठी उपाशी नका राहू. तुमाले चक्कर येते.

बाई : रडू नको, बेटा.

रेणू : नाही रडत. बाई, आई पाहून आली त्या पवनीवाल्यांचं घर. आंगण मोठं आहे म्हणे, सारवलेलं. चारी बाजूनं फिरता येते.