आधी माणसं, मग पलंग

नाही, नाही, डोळे मिटायचे नाहीत, मास्तर — मिटले की झोप लागते, झोप लागली की श्वास उथळ होतो, आणि उथळ झाला की हे यंत्र कोकलायला लागतं, मग डॉक्टर पळत येतील आणि म्हणतील, पुरे. अजून वीस मिनिटं आहेत. अर्ध्या तासातली दहा काढलीत तुम्ही, काही थोडीथोडकी नाहीत. माझा हात धरा. एकदा दाबलात तर हो, दोनदा दाबलात तर नाही — घशात नळी असताना माणूस बोलणार कसा, म्हणून हे असं. कळलं? — एकदा. बरं.

मगाशी डॉक्टरांनी सांगितलं त्यातलं अर्धं तुम्ही ऐकलंच नाहीत, लक्ष सगळं दाराकडे, वहिनी आत येतायत का म्हणून. मी परत सांगते. यंत्राचा जोर आज कमी केलाय. आत्ता चाललाय तो श्वास तुमचा आहे, यंत्र नुसतं बोट धरून चाललंय. अर्धा तास असा निभावलात की नळी बाहेर, आणि लगेच नाकातोंडावर घट्ट मास्क. नाही निभावलात तर उद्या सकाळी गळ्याला भोक पाडून तिथून नळी — आणि तुमचा गळा, रागावू नका, तुमच्या गळ्यात ती जागा सापडायची म्हणजे — जाऊ दे. ते होऊच द्यायचं नाहीये. मिनिटाला सव्वीस श्वास. पस्तिसाच्या आत आहोत तोवर काळजी नाही.

तुम्ही आलात ना त्या दिवशी, न्यूमोनियानं काळेनिळे पडला होतात, पलंगाच्या काट्यावर एकशे अठ्ठ्याऐंशी किलो, आणि मी टेप घेऊन टाचेपासून डोक्यापर्यंत तुमचं माप घेत होते. शिंप्याचं माप! तुम्ही शुद्धीवर असतात तर म्हणाला असतात, बाई, टेप अशी धरतात का? पण यंत्राला वजन नको असतं, मास्तर, उंची लागते. माणूस कितीही जाड झाला तरी फुफ्फुसं उंचीच्या मापाचीच राहतात. कोट केवढाही शिवा, आतला माणूस तेवढाच. तुमची उंची पाच फूट चार इंच, तेवढ्या माणसाला लागेल तेवढीच हवा आम्ही देत होतो. म्हणजे आत तुम्ही अगदी साधे, मध्यम मापाचे आहात. — हसू नका, हसलात की आकडा वर जातो. बघा, एकोणतीस.

काय? दोनदा दाबलंत. — नाही? काय नाही? — होणार नाही तुमच्याच्यानं? कोण म्हणालं? — थोरले बंधू ना? मला माहितीय, मी इथंच उभी होते, सलाईन बदलत होते. गेल्या खेपेला नळी काढली आणि दोन तासांत परत घालावी लागली, तेव्हा तुमच्या पायथ्याशी उभं राहून म्हणाले, एवढं शरीर वाढवून ठेवलंय, डॉक्टर तरी काय करणार. वहिनी खाली मान घालून रडत होत्या. सगळ्यांना वाटत होतं तुम्ही गुंगीत आहात. आणि तुमच्या डोळ्यातून पाणी आलं — मी पुसलं. गॉझनं पुसलं आणि तोंडातून ब्र काढला नाही. डॉक्टरांनीही तेच लिहिलं कागदावर, वजनामुळे श्वास पेलला नाही. चार दिवस झाले, तुम्ही भिंतीकडे बघत पडून आहात, खोकायला सांगितलं तर खोकत नाही. मी काय करू? मला ते बघवत नाही, मास्तर. खरंच बघवत नाही.

आता ऐका. आणि ऐकताना श्वास चालू ठेवा. — ते वजनामुळे नव्हतं.

तुमच्यासारख्या माणसाला आडवं झोपवलं की पोटाचा सगळा भार छातीकडे सरकतो, फुफ्फुसांना पसरायला जागा उरत नाही. म्हणून पलंगाचं डोकं कायम वर. पण वर ठेवलं की तुम्ही पायथ्याकडे घसरता, आणि वर ओढायचं तर पलंग मिनिटभर आडवा करावाच लागतो. त्याचा आमच्याकडे नियम आहे, नवीन येणाऱ्या प्रत्येकीला मीच शिकवते — आधी माणसं, मग पलंग. सहा जणी चादर धरून उभ्या राहिल्या की मगच बटण दाबायचं. बावीस वर्षं शिकवतेय. आणि त्या दिवशी, नळी काढल्यावर, राउंड यायची वेळ, चादरीच्या वळ्या पडलेल्या, तुम्ही पार खाली घसरलेले, तोंडावर मास्क — मी पलंग आधी आडवा केला आणि मग हाका मारल्या. दोघी एक्स-रेला गेलेल्या, एक फोनवर. आता येतील, आता येतील. पुन्हा वर घ्यायचं बटण माझ्या हातात होतं! पण वाटलं, आल्याच की, परत वर-खाली कशाला — सात मिनिटं. सात मिनिटं तुम्ही माझ्याकडे बघत होतात, आणि मी दाराकडे बघत होते. नंतर काय झालं ते तुम्हाला माहितीय. आणि मी तक्त्यावर लिहिलं, डोकं पंचेचाळीस अंशांवर. माझ्या अक्षरात. सही करून.

— हात काढून घेतलात. घ्या. बरोबर आहे तुमचं.

पण मास्तर, श्वास — श्वास बघा, तेहतीस, चौतीस — ऐका माझं, रागवा, हवं तेवढं रागवा, पण हळू रागवा! आत घ्या. सावकाश. माझ्यावरचा राग आजचा दिवस बाजूला ठेवा, तो कुठं पळून जात नाहीये, मीही जात नाहीये. आत… सोडा. आत… सोडा. या घंटेकडे लक्ष देऊ नका, ती मी बंद करते. चौतीस. चौतीस. खांदे सैल. कापड कापताना कसे उभे राहता, हाताला घाई नसते — तसं. एकतीस. हां. अठ्ठावीस. बघा, हे कोण करतंय? मी नाही करत. यंत्र नाही करत.

हे कुणालाच सांगितलेलं नाही, घरीसुद्धा नाही. तुम्हालाही एवढं सगळं सांगणार नव्हते — नुसतं म्हणणार होते, दोष तुमचा नव्हता, धीर धरा. निघून गेलं तोंडातून. आज पुन्हा प्रयत्न करू म्हणून मीच हट्ट धरला, डॉक्टर म्हणाले, सिस्टर, तुमचं काय एवढं? मी म्हटलं, सर, वाटतं जमेल. आता दोन-चार मिनिटांत नळी निघाली तर तुम्हाला आवाज येईल, आणि पहिलं काय बोलाल ते — हो, ते माझ्या लक्षात आलं नाही असं समजू नका. त्या भीतीनंच चार दिवस गप्प होते. लाज वाटते सांगायला.

सत्तावीस. झाला अर्धा तास. झाला, मास्तर!

या सर. सत्तावीस आहे, ऑक्सिजन चौऱ्याण्णव, मधे एकदा चौतीसवर गेला होता, तो — तो माझ्यामुळे. नाही, थांबा सर, नळी काढायच्या आधी एक मिनिट. गेल्या वेळची तक्त्यावरची नोंद माझी आहे आणि ती खोटी आहे. पलंग आडवा होता. सात मिनिटं, मी केला होता. यांच्या वजनाचा काही संबंध नव्हता, तेवढं यांच्या भावाला कळलं पाहिजे. — हो सर. — हो, लेखी देते. पण आधी नळी काढा, ते तयार आहेत. पलंग पंचेचाळीसवर आहे, स्वतः बघा, माझ्या शब्दावर नको.

खोका, मास्तर. जोरात! — आली. आली बाहेर. मास्क घट्ट करतेय, श्वास घ्या, घ्या. बोलू नका अजून, घसा खरवडलाय. सव्वीस. वा.

ही दुसरी सिस्टर आलीय, आता तुमच्याजवळ ही बसेल. चांगली आहे, मीच शिकवलंय तिला. मला खाली ऑफिसात बोलावलंय. वहिनींना आत पाठवते जाताना. — मास्तर, हात सोडा. ते वाट बघतायत माझी. सोडा ना. — अहो, सोडा आता.