कवटीची बाटली

जावयानं सासुरवाडीला येताना पेढे आणावेत की नाही? आमच्या मेहुण्यांनी पुण्याहून असोद्याला तिखट सॉस आणला! तिखट खाणं हा त्यांचा छंद. म्हणजे खाण्याचे व्हिडिओ टाकणं.

बाटलीवर कवटी होती. आमच्या वडिलांना म्हणाले, "नाना, जेवताना भरतावर एकच थेंब घ्या. मी मोबाइल लावतो."

पानं वाढली तर बाटली गायब. आईनं कवटी बघून ती गोठ्यात, फवारणीच्या औषधांशेजारी ठेवली होती.

मेहुणे भडकले, "अहो, खायची वस्तू आहे ती!"

नानांनी विचारलं, "हाये काय तिच्यात?"

"जगातली सगळ्यात जहाल मिरची, लसूण आणि व्हिनेगर!"

"मंग बरोबर जागी ठेवली. मिरची-लसणाचा अर्क आम्ही वांग्यावरच फवारतो."

मेहुण्यांनी रागारागात आमचं साधं भरीत खाल्लं आणि तिसऱ्याच घासाला तांब्या तोंडाला लावला. व्हिडिओ राहिलाच.

काल त्यांचा फोन आला. "नाना, सॉस आवडला का?"

"लय भारी, जावईबापू! वांग्यावरची सारी कीड मेली. पुढच्या खेपेला पाच लिटरचा कॅन आना."