रंगवलेला बोगदा

हॅलो? … हां ताई, बोल. … दुकानातच आहे. … आवाजाला काय झालंय? काही नाही. … बरं, ऐक ना, भिंगरी आली का शाळेतून? … अजून नाही? बरं झालं. … अगं, बरं झालं म्हणजे… ताई, माझ्या हातून एक घोळ झालाय.

… नाही, शिडीवरून नाही पडलो. … तिचा फोन. … फुटला नाही गं! फोन ठणठणीत आहे. आतला खेळ गेला. … तोच तो, शहरातून पळायचा. गाड्या चुकवत, गच्च्यांवरून उड्या मारत… हो, हो, ज्याला शेवटच नाही. शेवट मी केला.

… अगं ऐक तर! सकाळी फोन इथे चार्जिंगला लावून काय सांगून गेली? "मामा, खेळ थांबवून ठेवलाय. तार काढू नकोस आणि हात लावू नकोस." दोनच गोष्टी. … नऊ लाख ऐंशी हजार! दहाला वीस हजार कमी. ते संध्याकाळी मैदानात, त्या पोरांसमोर पुरे करणार होती. … तीच पोरं. त्या एका अधू डोळ्यावरून 'अर्धी खिडकी' म्हणतात ना तिला…

… लावला हात. … हसू नकोस ताई, मला इथे मेल्याहून मेल्यासारखं झालंय.

… बोगदा आला. म्हणजे बोगदा नव्हेच, भिंतीवर रंगवलेला. अशा फसव्या भिंती असतात त्यात. पण काय रंगवलाय! कमानीखाली सावली, आत दूरवर एक दिवा… तीस वर्षं पाट्या रंगवतोय मी, बघतच राहिलो. म्हटलं, इतकी बारीक सावली धरत कोण बसतो? हा खराच. धाडकन आपटला गडी!

… सांगितलं होतं गं तिने. खऱ्या बोगद्याच्या कडा भराभर बाजूला सरकतात, आतला दिवा मात्र हलता हलत नाही. सगळं एकदमच मोठं व्हायला लागलं की समजायचं, भिंत आहे. … हो, जिन्यावर मान हलवून पायरी बघते ना, तीच युक्ती. तिला एका डोळ्याने कळतं ते. माझे दोन्ही धडधाकट, आणि मी सावली बघत बसलो.

… काय सांगू म्हणतेस? चार्जिंग संपलं? … हां. तार सैल होती म्हणतो. पटेल तिला. … आली? आत्ता? थांब, लगेच नको देऊस, ताई, अगं…

हां, भिंगरे. … हो, मामाच. … तुझा फोन ना? अगं, ती तार जरा… …

नाही. तार चांगली आहे. मी खेळलो. … रंगवलेल्या बोगद्यात गेलो. … सात हजार पळालो फक्त. …

का म्हणजे? सहज. … नाही, सहज नाही. … वाटलं, शेवटचं तुला जमायचं नाही. त्या पोरांसमोर तोंडघशी पडशील. म्हटलं, आपणच गुपचूप पुरं करून ठेवू. …

हो. डोळ्यामुळेच वाटलं. …

हो गं. ती पोरंही तेच म्हणतात. माहीत आहे मला. लाज वाटतेय.

… पुन्हा पहिल्यापासून? कधी? … आजच, इथे दुकानात? … आणि मी शेजारी बसायचं. बोलायचं नाही. बरं. … आणि त्या पोरांना? … मी सांगू? मैदानात येऊन, सगळ्यांसमोर? … सांगतो. पाट्या रंगवणारा मामा पाटीलाच फसला, असं सांगतो. … बरं, बरं, गंमत न करता सांगतो.

मग येतो मी तुला न्यायला. … अगं, पण मधला चौक केवढा मोठा आहे, कुठली गाडी किती लांब आहे ते तुला… … …

काही नाही. काही म्हणत नव्हतो. … ये. … हो, एकटीच ये. … दारातसुद्धा उभा राहत नाही. ठेवतो.