काकूच्या वर्गाचे नियम

(चेन्नईतलं तिरुवल्लिकेणी. शुक्रवारची संध्याकाळ. ऋजुता कॉलेजातून नुकतीच आली आहे. सासू जयवंती दारातच उभी. पुतण्या पुष्कर पलंगावर.)

जयवंती : आणि दार लावून घेतलंस? सख्ख्या पुतण्याच्या तोंडावर?

ऋजुता : आई, चप्पल तरी काढू द्या.

जयवंती : काढ की. मी काय पाय धरलेत तुझे? तुझ्या दिरानं, महेशनं, भुसावळहून पोर पाठवलं ते काकूच्या कॉलेजात शिकायला. जिन्यात उभं राहायला भुसावळात काय जिने नाहीत?

ऋजुता : वर्ग नऊला सुरू होतो. नऊ वाजून दहानंतर आत घेणार नाही, हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. हा आज साडेनऊला उगवला.

जयवंती : आला ना पण! जो आलाच नाही त्याचं काय केलंस?

ऋजुता : गैरहजेरी मांडली.

जयवंती : आणि याची?

ऋजुता : याचीही.

जयवंती : म्हणजे पंख्याखाली लोळत पडला असता तरी तेवढंच. वा गं प्राध्यापकीण!

पुष्कर : आजी, चिल. जाऊ दे ना.

जयवंती : तू गप. तुझीच वकिली चाललीय.

ऋजुता : मग वकीलबाई, तुमच्या अशिलाला विचारा, पहिल्या दिवशी उशिरा आला तेव्हा दारात उभा राहून काय म्हणाला.

पुष्कर : काय म्हणालो? "काकू, येऊ?" एवढंच. मॅडम तोंडातून निघेचना.

ऋजुता : भर वर्गात. शेहेचाळीस मुलं बघतायत. आणि माझ्या तोंडून "ये" निघून गेलं.

जयवंती : मग? काकूला काकू म्हणाला. कलेक्टरीणबाई म्हणायचं होतं?

ऋजुता : पुढचं ऐका. दोन दिवसांनी भव्या उशिरा आली. तांबरमची मुलगी, मराठीचा गंध नाही. दारात उभी राहिली आणि म्हणाली, "काकू, येऊ?"

जयवंती : अगं बाई!

ऋजुता : तिला वाटलं, या बाईंच्या वर्गात उशिरा शिरायचं तर असंच म्हणायचं असतं. तो म्हणाला, त्याला घेतलं. मग मी तिला कुठल्या तोंडानं नाही म्हणू? पुढच्या आठवड्यात पाच जण. मग अकरा.

पुष्कर : आता कॅन्टीनमध्ये पण म्हणतात. रांगेत मध्येच घुसायला.

जयवंती : हसवू नकोस रे, मी रागात आहे.

ऋजुता : आज सात जण एका सुरात म्हणत होते. आणि त्यांच्या मागे चंद्रमौळी सर.

जयवंती : ते कोण आता?

ऋजुता : आमचे विभागप्रमुख. मला कायम करायचं की या सत्रानंतर नारळ द्यायचा, ते त्यांच्या हातात. मला म्हणाले, "ही तुमच्याकडची प्रार्थना का?" तेव्हा लावलं मी दार. पुतण्यासकट. सोमवारी वर्गाचे नियम कागदावर हवेत, आणि मी ते पाळते की नाही, हे बघायला ते स्वतः मागच्या बाकावर बसणार आहेत.

जयवंती : लिहिलेस?

ऋजुता : बसमध्ये बसून लिहिले.

जयवंती : वाच. इंग्रजी झाडू नकोस. मी तिसरीत शाळेला रामराम केलाय.

ऋजुता : "नऊ वाजून दहा मिनिटांनंतर प्रवेश नाही. योग्य कारण असल्यास अपवाद केला जाईल."

जयवंती : खोड.

ऋजुता : काय खोडू?

जयवंती : ते मागचं शेपूट. योग्य कारण कोण ठरवणार?

ऋजुता : मी.

जयवंती : तू? कोथिंबीरवाली शिळी जुडी देते, ती तुला परत करवत नाही. बाई, बावीस वर्षं याच गल्लीत खानावळ चालवली मी. मॅन्शनात भाड्याच्या खोल्यांतून राहणारी सडीफटिंग चाळीस पोरं जेवायला. रात्री साडेनऊला भाताचं पातेलं पालथं. पहिल्या महिन्यात एक जण आला, "मावशी, श्रीपेरुंबुदूरची बस उशिरा आली." चेहरा सुकलेला. वाढलं. महिनाअखेरीस नऊ जणांची बस रोज उशिरा! त्यातले चार तर पायी यायचे.

पुष्कर : मग हाकललंस?

जयवंती : हाकलू कशाला? सांगितलं, उशीर होणार असेल तर सकाळी सांगून जा. सांगून गेलास तर ताट झाकून ठेवीन. न सांगता आलास तर सगळी रडकथा ऐकून घेईन, पण भात नाही.

ऋजुता : थांबा, लिहून घेते. "उशीर होणार असल्यास आदल्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत कळवावे." म्हणजे भव्याचंही भागेल. तिचे वडील आजारी आहेत, दर मंगळवारी नि शुक्रवारी तिलाच दवाखान्यात न्यावं लागतं त्यांना.

जयवंती : हे तुला आधी ठाऊक होतं?

ऋजुता : आज कळलं. दार लावल्यावर रडली.

जयवंती : हं. आणि दुसरं. आलेल्याला बाहेर उभं करू नकोस. वर्गाला मागचं दार आहे?

पुष्कर : आहे. कडी लावलेली असते.

जयवंती : ती काढ. उशिरा आला तर मागून गुपचूप येऊन बसायचं. हजेरी नाही, पण शिकायला मिळेल. आणि विचारायचं नाही. "येऊ का" नाही नि "जाऊ का" नाही. विचारलं की नाही म्हणायची पंचाईत तुझी, आणि तुला तर नाही म्हणता येतच नाही.

ऋजुता : आई, हे... हे चांगलं आहे. सहा महिने आम्हाला ट्रेनिंग दिलं, त्यात हे कुणी सांगितलं नाही.

जयवंती : त्यांनी चाळीस जणांना कधी जेवायला वाढलं नसेल. आणि काय रे, त्या पोरीला बापाचं दुखणं. तुला कसलं? याच घरातून निघतोस. ही सातच्या कॉलेज बसनं जाते, तुला त्याच बसमध्ये कोण चढू देत नाही?

पुष्कर : खरं सांगू?

जयवंती : नाहीतर काय खोटं सांगतोस?

पुष्कर : तूच म्हणतेस ना, "काकूचाच वर्ग आहे. निवांत डोसे खा, मग जा."

ऋजुता : असं म्हणता तुम्ही?

जयवंती : एकदा म्हणाले असेन. पोरगं वाळलंय किती, बघ.

पुष्कर : रोज म्हणतेस. काकू सहाला उठवायला येते, तर तिला सांगतेस, "तू हो पुढे, मी उठवते." आणि उठवतच नाहीस.

ऋजुता : तीन आठवडे मला वाटत होतं, हा तुमचंही ऐकत नाही.

जयवंती : पुष्कर, ऊठ त्या पलंगावरून. सोमवारपासून साडेपाचला उठायचं. डोसे डब्यातून. बसमध्ये काकूच्या शेजारी बसायचं नाही, मागे बस. आणि कॉलेजच्या फाटकातून आत पाऊल टाकलं की ती मॅडम. जीभ वळत नसेल तर रात्रभर घोकत बस.

पुष्कर : हो आजी.

जयवंती : जा, दूध उतू जाईल, बघ आधी.

ऋजुता : आई, मी चहा टाकते, तुम्ही बसा.

जयवंती : बस तू. सकाळपासून उभी आहेस. आणि ऐक, नीट ऐक, दुसऱ्यांदा म्हणायची नाही मी. आज तू चुकली नाहीस.