तेवीस सेंटीमीटर मागची रेषा

नमस्कार. तुम्ही सगळे आलात. मला सभेत बोलायची सवय नाही, आणि आज तर शब्द जमवणं अवघडच आहे. म्हणून घडलं ते आधी क्रमाने सांगते.

१. मागच्या रविवारी सकाळी साळवे सर नेहमीसारखे सगळ्यांच्या आधी आपल्या नेमबाजीच्या रेंजवर आले.
२. त्यांनी टार्गेटचे कागद लावले आणि खुर्चीत बसले.
३. मी सहाला पोहोचले. सर बसलेलेच होते. हाक मारली, उत्तर आलं नाही.
४. डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचं सांगितलं.

श्रीरामपुरात एअर रायफल शिकवणारं कोणी नव्हतं, तेव्हा सरांनी आणि रंगनाथकाकांनी हा क्लब काढला. सर शाळेत गणित शिकवायचे. काकांचं कापसाचं गोदाम रिकामं होतं. काका, तुम्ही समोरच आहात, चुकलं तर थांबवा. त्या भिंतींना सरकीचा वास होता, अजून आहे. सरांना नऊला चर्चमध्ये जायचं असायचं, म्हणून आपली रेंज सहाला उघडायची. थंडीत बोटं वाकायची नाहीत. तरी आपण यायचो.

आठवतंय ना? छर्रा सुटला की सर लगेच विचारायचे, "कुठं गेला?" कागद बघायच्या आधी सांगायचं. मी म्हणायचे, "नऊ, उजवीकडे." ते दुर्बिणीतून बघायचे. "आठ आहे. एक गुण तुझ्या मनातला."

चार वर्षांपूर्वी मी सुप्याच्या कारखान्यात मोजमाप तपासायच्या कामाला लागले. एका रविवारी तिथली स्टील टेप घेऊन आले, सहज म्हणून. टार्गेटपासून नेमबाजाची रेषा दहा मीटरवर हवी. आपली दहा मीटर तेवीस सेंटीमीटरवर आहे. मी तीनदा मोजली.

सरांनी काकांना बोलावलं. "रंगनाथ, रेषा कशाने मोजली होती रे आपण?"

"दोरीनं. तुमी म्हन्ला वढ, म्या वढली."

"इतकी?"

"मास्तर, गोदामातली सुती दोरी ती. वढली की लांबनारच. गनित तुमचं हाय, तुमाला कळाया नगं?"

"आणि कापूस तुझा!"

दोघं इतके हसले की काकांना ठसका लागला. मग सर गुणांच्या फलकासमोर जाऊन उभे राहिले.

जिल्ह्याच्या संघाच्या निवडीसाठी आपण याच रेषेवरचे गुण पाठवायचो. सरांनी मला विचारलं, किती फरक पडला असेल? मी म्हणाले, फार नाही. चाळीस छर्‍यांत एखादा गुण.

"तू एका गुणानंच राहिली होतीस ना?"

मी टेप गुंडाळत होते. "हो सर."

ते म्हणाले, "मी आहे तोवर कुणाला सांगू नको. माझ्यात तेवढं धैर्य नाही. नंतर मात्र सगळ्यांना सांग."

म्हणून आज सांगते आहे. मला राग आला होता का? आला होता. तीन रविवार मी आले नाही. चौथ्या रविवारी आले, तर माझ्या जागेवर कागद लावलेला होता. काका म्हणाले, तो तिन्ही रविवारी लावलेला होता. मी तडक नेम धरायला गेले. त्या दिवशी मला एकही दहा लागला नाही.

रेषा दहा मीटरवर आणली, तर आपल्या फलकावरचे जुने गुण नव्या गुणांशी जुळणार नाहीत. तशीच ठेवली, तर आत्ता शिकणाऱ्या मुली पुन्हा एखाद्या गुणाने राहतील. काका म्हणतात, "ती रेघ मास्तरांची हाय, न्हाई हलवायची." माझ्या मते हलवावी. हे एकट्या काकांनी किंवा मी ठरवायचं नाही. त्या रेषेवर उभे राहिलेल्या प्रत्येकाने ठरवायचं.

आता दोन मिनिटं आपण शांत उभे राहू या.

त्यानंतर, हलवायची की ठेवायची, एवढंच कागदावर लिहून, खाली नाव घालून मला कळवावं. येत्या शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत.