माहेर नावाचं फोल्डर

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष, आपले प्राचार्य आदरणीय डॉ. ईश्वरदास कापगते सर, मंचावरील सन्माननीय संचालक मंडळी, सत्कारमूर्ती सौ. रश्मी मडावी मॅडम, केशोरीहून खास आलेल्या त्यांच्या सासूबाई धुरपताबाई, माझे सहकारी, आणि मी कधी थांबतो याची वाट पाहून राहिलेल्या माझ्या विद्यार्थ्यांनो,

मी भूपेंद्र रहांगडाले, अकरा वर्षांपासून या महाविद्यालयाच्या कम्प्युटर लॅबचा इन्चार्ज. आत्तापर्यंतचे सगळे वक्ते मॅडमबद्दल भरभरून बोलले. मलाही बोलायचं आहे, पण जड जाऊन राहिलं आहे. काऊन, ते सांगतो.

तीन वर्षांपूर्वी मॅडम कंत्राटी म्हणून रुजू झाल्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "सर, मेन पासवर्ड द्या ना. पोरांसाठी एक सॉफ्टवेअर टाकायचं आहे."

मी म्हटलं, "कायले पाहिजे? लिहून द्या, पाहतो."

आपल्या लॅबमध्ये काहीही नवीन टाकायचं तर तो पासवर्ड लागतो, आणि तो एकट्या माझ्याजवळ. त्यांनी अर्ज दिला. मी तो टेबलाच्या काचेखाली ठेवला. दुसरा दिला, तोही तिथंच ठेवला. आता विचाराल, अडचण काय होती? काहीच नव्हती हो! कोणी मागायला आलं की बरं वाटे, एवढंच.

पंधरा दिवसांनी बघतो तर पोरं तेच सॉफ्टवेअर चालवून राहिली. मी ओरडलो, "पासवर्ड कोणी दिला?"

"कोणीच नाही, सर. लागलाच नाही."

झालं होतं असं. पॅकेज मॅनेजर म्हणून सॉफ्टवेअर आणून बसवणारा एक प्रकार असतो. लग्नातल्या आचाऱ्यासारखा समजा. तुम्ही फक्त मसालेभात म्हणायचं, तांदूळ-मसाल्यापासून गंज-पातेल्यांपर्यंत सगळं तो आणतो. हा आचारी नेहमी सामाईक जागेत बसवतात, आणि तिथं माझा पासवर्ड. मॅडमनी काय केलं? त्याचा मूळ सोर्स कोड आणला आणि स्वतःच्या खात्यात, स्वतःच्या फोल्डरमध्ये पहिल्या ओळीपासून बांधून काढला. दिवसभर स्क्रीनवर ओळी धावत होत्या. मी दोनदा मागून गेलो. मला वाटलं, व्हायरस आहे.

फोल्डरचं नाव ठेवलं होतं 'माहेर'. मी विचारलं, हे काय नाव? तर म्हणाल्या, "तिथं कोणाला विचारावं लागत नाही, सर." त्या दिवसापासून पोरं मला पाठीमागे सासूबाई म्हणतात. धुरपताबाई, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, ती सासू मी आहे. आणि आपला शिपाई चुन्नीलाल, त्याची तर हद्दच. "सर, चाबी तुमच्या खिशात अन् दार तर उघडलं!"

मी जळलो. स्टेजवर असं बोलत नाहीत, पण जळलो. पोरं आता सरळ त्यांच्याकडे जायची, माझ्या टेबलाजवळ कोणी फिरकेना. नागपूरच्या ज्या नोकरीसाठी आज आपण मॅडमना निरोप देत आहोत, तिथं अर्ज मीही केला होता. हे माझ्या घरीसुद्धा माहीत नाही. मला साधं उत्तरही आलं नाही.

मग मी एक काम केलं. मॅडम सुट्टीवर असताना त्यांचं 'माहेर' जसंच्या तसं कॉपी करून माझ्या खात्यात आणलं आणि त्याला नाव दिलं 'भूपेंद्र'. चाललं की! प्राचार्य सरांना दाखवलं, म्हटलं, हे मी बसवलं. सरांनी पाठ थोपटली. सर, ती थाप मी आज परत करतो.

गेल्या सोमवारी मॅडमचा इथला शेवटचा दिवस होता. नियमानं त्यांचं खातं महिन्याभरात बंद करायचं असतं. मी त्याच संध्याकाळी, त्या बसस्टँडवर पोचल्या नसतील तोच, फोल्डरसकट पुसून टाकलं. मंगळवारी प्रॅक्टिकलला एकही मशीन चालेना. 'भूपेंद्र'सुद्धा बंद! बांधताना फोल्डरचा जो पत्ता सांगाल तो त्याच्या पोटात पक्का बसतो, हे मला तेव्हा कळलं. पाटी माझी होती, पण प्रत्येक गोष्ट मागायला ते इतके दिवस मॅडमच्याच दारात जात होतं. तिसऱ्या वर्षाची खुशबू सगळ्यांसमोर म्हणाली, "सर, तुमचं बी माहेरूनच येऊन राहिलं होतं काय?"

मी तुम्हा सगळ्यांना लाईनचा प्रॉब्लेम सांगितला. खोटं सांगितलं. तीन दिवस मी स्वतः बांधायला बसलो आणि तिन्ही दिवस एकाच ओळीवर अडलो. येत्या सोमवारी या पोरांची प्रॅक्टिकल परीक्षा आहे, आणि त्यांचं वर्षभराचं काम त्या एका फोल्डरच्या भरवशावर आहे.

मॅडम, तुमच्याही कानावर हे आत्ताच पडत आहे. तुमचं खातं मी सकाळी पुन्हा उघडलं, त्याच नावानं, त्याच पत्त्यावर. आत काही नाही. तुमची साकोलीची बस साडेपाचची आहे, आणि आत्ता सव्वादोन वाजले आहेत. तुम्ही खुर्चीत बसून नुसतं सांगा, टाइप मी करतो. पासवर्ड मागू नका, तो लागत नाही हे आता मलाही माहीत आहे.

संयोजकांनी मला बोलायला उभं केलं, त्यांचे आभार. पुढच्या वेळी ते विचार करतील. धुरपताबाई, सुनेला थोडा उशीर होईल, तुमचेही आधीच आभार. बोलण्यात कमी-जास्त झालं असेल तर सभागृहानं पोटात घालावं. करण्यात जे झालं, त्याची माफी फक्त मॅडमच देऊ शकतात. नाही दिली तरी चालेल, पण पोरांसाठी बसा.

चुन्नीलाल, चहा मागून. आधी लॅब उघड.