कोऱ्या कागदाचा रंग

बाबा: चूक प्रिंटवाल्याचीच आहे. माझी नात अंधारात झोपल्यासारखी छापून आलीय.

लेक: माझी पोर भर दुपारी खिडकीशी झोपली होती, बाबा. त्या बिचाऱ्यानं दोनदा छापून बघितलं. त्याचं मशीन ठीक आहे. सरका जरा, तुमचे मॉनिटर बघू द्या.

बाबा: हा नवा तूच आणलास, तेव्हापासून डोक्याला ताप आहे. फोटो इकडून जुन्यावर सरकवला की अडखळतो, उंबऱ्याला ठेच लागल्यासारखा.

लेक: नवा सेकंदाला एकशे चव्वेचाळीस वेळा चित्र बदलतो, जुना साठच वेळा. मेळ कसा बसणार? नव्याला एकशेवीसवर आणते, म्हणजे जुन्याच्या बरोबर दुप्पट. हं, आता सरकवा.

बाबा: अरे वा, गेला की सुळकन. म्हणजे तुझी आई आणि मी फिरायला जातो तसंच. तिची दोन पावलं पडतात तेव्हा माझं एक, पण कोपऱ्यावर पोचतो बरोबरच.

लेक: तिच्यासमोर बोलू नका, चहा बंद होईल. आता ब्राइटनेस. बाबा, दोन्ही शंभरावर?

बाबा: कमी केला की सगळं मळकट दिसतं.

लेक: माझे डोळे दिपले इथे. स्क्रीन एवढी उजळ, म्हणून फोटोही उजळ वाटतो आणि तुम्ही तो गडद करत बसता. कागदाला स्वतःचा उजेड नसतो, मग छापल्यावर अंधार होणारच. हे मला शिकवलं कोणी? स्टुडिओत स्क्रीनशेजारी कोरा कागद धरून?

बाबा: मीच. घे, धर कागद.

लेक: हा धरला. आता उजेड उतरवत आणते. स्क्रीन कागदाइतकी पांढरी झाली की थांबवा मला.

बाबा: थांब. हा कागद नको, पिवळा पडलाय.

लेक: गठ्ठा आत्ता फोडलाय मी.

बाबा: मग वरचाच तेवढा खराब असेल. मधला दे.

लेक: हा घ्या मधला.

(बाबा दोन्ही कागद खिडकीपाशी नेऊन उलटसुलट करून बघतात.)

लेक: कधीपासून असं दिसतंय?

बाबा: झाले बरेच महिने. दिसेनासं झालं की ब्राइटनेस थोडा वाढवायचो. आता वाढवायला जागाच उरली नाही.

लेक: मोतीबिंदू असेल. आईला तरी सांगायचंत.

बाबा: भीती वाटते गं. जन्मभर लोकांच्या चेहऱ्यांचे रंग सांभाळले. डॉक्टरनं हात लावला आणि काही बिघडलं, तर मी काय करू?

लेक: भीती मलाही वाटतेय. पण ऑपरेशन एका वेळी एकाच डोळ्याचं करतात, आणि मी शेजारी असेन. तोवर तुमच्या खुर्चीत मी बसते. तुम्ही सांगा, मी रंग बघते.

बाबा: तू? तू घाईघाईत फोटोतल्या नवरीचे कान कापशील.

लेक: कापले तर ओरडा. उद्या सकाळी येते, डॉक्टरकडे जायला तयार राहा.

बाबा: बरं, ये. आणि हा कागद टाकू नकोस, पाकिटात घालून ठेव. पट्टी निघाली की आधी हाच बघणार मी.

लेक: नातीच्याही आधी?

बाबा: हो, आधी कागद. तिला बघताना पुन्हा चूक नको व्हायला.